छोट्या मैफलीसाठी मिक्सर घेताना: खोक्यावरचा आकडा नको, कॅनन मोजा

माईक आणि वाद्यांचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणारा मिक्सर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती चॅनेलचा दाखवू? आपणही आठ, दहा, बारा असा एखादा आकडा सांगून मोकळे होतो. गोची तिथेच होते. खोक्यावर छापलेला आकडा वेगळा आणि प्रत्यक्षात किती माईक जोडता येतील तो आकडा वेगळा.

यामाहाच्या एमजी१०एक्सयू या मिक्सरच्या नावात दहा आहे, पण माईक लागतात चार. उरलेल्या सहा म्हणजे तीन स्टिरिओ जोड्या. कीबोर्ड, मोबाइल, लॅपटॉप अशा गोष्टींचं डावं-उजवं वेगवेगळं मोजून कंपनीने दहाचा हिशेब पुरा केलेला असतो. बेहरिंगरच्या झेनिक्स ८०२ ला दोनच माईक. त्यांच्याच झेनिक्स १२०२ ला चार, तर यामाहाच्या एमजी१२एक्सयूला सहा. म्हणजे 'बारा चॅनेल' म्हणून शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मिक्सरमध्ये दोन माईकचा फरक असू शकतो. यात कोणी फसवतंय असंही नाही, मोजायची पद्धतच तशी आहे. आपण मात्र तीन छिद्रांची ती गोल सॉकेटं मोजायची. आपले साऊंडवाले त्यांना कॅनन म्हणतात. जेवढे कॅनन, तेवढे माईक. बाकीचं नंतर बघू.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या: मिक्सर लागतोच का? मंडळाकडे किंवा सोसायटीकडे अहुजाचा ॲम्प्लिफायर असेल, तर त्याला दोन-तीन माईक थेट लागतात. हल्लीच्या बऱ्याच पॉवर्ड, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेल्या, स्पीकरच्या पाठीलाही दोन माईकची सोय असते. एक निवेदक, एक गायक आणि मोबाइलवरचा कराओके ट्रॅक एवढाच कार्यक्रम असेल, तर मिक्सरचे पैसे चांगल्या माईकमध्ये घाला. घरी एकट्याने रियाज रेकॉर्ड करायचा असेल तरीही मिक्सर हे चुकीचं यंत्र आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी कार्यक्रम कागदावर मांडा

साधी अभंगांची मैफल घेऊ. सोसायटीचा हॉल किंवा बंगल्याची गच्ची, पन्नास-साठ माणसं, खाली सतरंजी. एक मुख्य गायक. संवादिनी. तबला आणि डग्गा. मागे दोघे-तिघे कोरसला, त्यातल्या एकाच्या हातात टाळ. एक निवेदिका. तानपुरा मोबाइलवरच्या ॲपमधून.

प्रत्येकापुढे माईक ठेवायचा म्हटलं तर गायकाला एक, संवादिनीला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, कोरसला एक, निवेदिकेला एक. झाले सहा. त्यात टाळाला सातवा माईक मागणारेही भेटतात.

आता हीच यादी चाळणीतून काढू. टाळाला माईक लावायचाच नाही. पन्नास माणसांच्या खोलीत टाळ स्वतःच्या ताकदीवर शेवटच्या रांगेपर्यंत जातो, वर गायकाच्या माईकमध्येही शिरतो. टाळ वाजवणाऱ्याला गायकापासून दोन हात लांब बसवणं हा त्याच्या आवाजावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. तबला-डग्ग्याला एवढ्या जागेत एकच माईक पुरतो. दोन्हींच्या मधोमध, वीतभर उंचीवर, किंचित डग्ग्याकडे झुकलेला ठेवायचा. निवेदिका आणि कोरस एकाच वेळी बोलत-गात नाहीत, तेव्हा ते दोघे मिळून एक. राहिले गायक, संवादिनी, तबला, निवेदन-कोरस. चार माईक, आणि तानपुऱ्यासाठी एक स्टिरिओ जोडी.

ही नुसती काटकसर नाही. चालू माईकची संख्या दुप्पट केली की शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून बसते ती) बसण्याआधी मिळणारी आवाजाची जागा साधारण तीन डेसिबलने घटते. चाराचे आठ माईक केले तर शिट्टी तेवढी लवकर सुरू होते. लहान खोलीत, खाली बसलेल्या कलाकारांच्या जवळच स्पीकर उभे असताना, हे तीन डेसिबल फार महाग पडतात. उलट गायकाने माईकचं अंतर निम्मं केलं, म्हणजे वीतभरावरून अर्ध्या वितीवर तोंड आणलं, तर जवळजवळ सहा डेसिबल फुकटात मिळतात. कुठल्याही मिक्सरमधल्या कुठल्याही बटणाने एवढा फायदा होत नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे. बैठकीच्या कार्यक्रमांसाठी आणि घरासाठी मिळून एकच मिक्सर घ्यायचा असेल, तर चार कॅननचा घ्या. दोनवाला वर्षभरात अपुरा पडतो. सहावाला तेव्हाच घ्या, जेव्हा पखवाजाच्या दोन्ही तोंडांना वेगळे माईक हवेत किंवा दोन मुख्य गायक आहेत. पखवाजाला ती गरज खरीच असते. कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा घुमारा आणि उजव्या शाईची टणक थाप या दोन टोकांच्या गोष्टी, शिवाय दोन्ही तोंडं विरुद्ध दिशांना. एका माईकमध्ये दोन्ही नीट येत नाहीत.

पैसे गेनसाठी मोजायचे

मिक्सरवरच्या प्रत्येक उभ्या ओळीत सगळ्यात वर एक गोल बटण असतं. बहुतेकांचं लक्ष खालच्या फेडरकडे, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांडीकडे असतं, पण खरं काम या वरच्या बटणाचं, म्हणजे गेनचं.

माईकमधून निघणारा विजेचा संकेत इतका बारीक असतो की विश्वास बसत नाही. १९६६ पासून बाजारात असलेला शुअरचा एसएम५८ हा गाण्याचा माईक घ्या. त्याच्यासमोर ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला खणखणीत आवाज केला, तर त्यातून दोन मिलिव्होल्टसुद्धा निघत नाहीत, जेमतेम १.८५ निघतात. पुढच्या यंत्रणेला लागतो साधारण सव्वा व्होल्ट. म्हणजे संकेत साडेसहाशेहून जास्त पटींनी वाढवायचा. हे काम गेनच्या मागचा प्रीॲम्प करतो, आणि स्वस्त व चांगल्या मिक्सरमधला खरा फरक इथेच असतो. सहाशेपट वाढवताना स्वतःची सरसर किती मिसळतो, यावर प्रीॲम्पची पारख होते. बाकी दिवे, रंग, ब्लूटूथ ही सगळी सजावट.

गेन लावायची रीत दुकानातच करून बघा. फेडर शून्याच्या खुणेवर ठेवा. तिथे '०' किंवा 'यू' लिहिलेलं असतं. मग गायकाला 'हॅलो, चेक' म्हणायला लावू नका, त्याला तार सप्तकातली ओळ पूर्ण ताकदीने म्हणायला सांगा. गेन वाढवत न्या. लाल दिवा लुकलुकला की थोडं मागे या. तिथे गेन सोडून द्या, कार्यक्रमात कमी-जास्त करायचं ते फेडरने. गेन कमी ठेवून शेवटच्या मास्टरने, म्हणजे एकूण आवाजाच्या फेडरने, आवाज वाढवला, तर अंधारात काढलेला फोटो मोबाइलवर उजळवल्यासारखं होतं: चेहरा दिसतो, पण सोबत दाणेही उठतात. उलट गेन जास्त झाला तर गायकाचा वरचा सा फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कुठेच शिवता येत नाही.

गेनजवळच एक छोटं बटण असतं, त्यावर ७५, ८० किंवा १०० हर्ट्झ लिहिलेलं. हे लो-कट. गायकाच्या आणि निवेदिकेच्या माईकवर ते दाबूनच ठेवा. सतरंजीवरून आलेली पावलांची धडधड, माईकवर आदळलेला श्वास, पंख्याची घुरघुर त्यात गाळली जाते. डग्ग्याच्या माईकवर मात्र हात लावू नका. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेल्या 'घे'चा सगळा गोडवा त्याच खालच्या पट्ट्यात असतो. साऊंडवाल्याने सवयीने सगळीकडे लो-कट दाबला की तबलजी जीव तोडून वाजवतो आणि समोर नुसतं टकटक ऐकू येतं.

त्याखालची तीन बटणं, बास-मिड-ट्रेबल, यांबद्दल फार लिहीत नाही. वाढवण्यापेक्षा कमी करायला वापरा, एवढं पुरे.

मॉनिटर आणि इको

यानंतर बघायचं ते ऑक्स. ऑक्स म्हणजे मुख्य स्पीकरखेरीज दुसरीकडे पाठवायचं वेगळं मिश्रण. त्याची दोन कामं असतात: कलाकारांच्या समोरच्या मॉनिटर स्पीकरला आवाज देणं आणि इको-रिव्हर्बच्या यंत्राला आवाज देणं. लहान मिक्सरवर बहुधा एकच ऑक्स असतो, आणि तो इफेक्टसाठी राखलेला.

बारीक मेख अशी: ऑक्सचा आवाज फेडरच्या आधी काढलेला आहे की नंतर? माहितीपत्रकात त्याला प्री आणि पोस्ट म्हणतात. मॉनिटरसाठी प्री हवा. पोस्ट असेल तर तुम्ही समोर संवादिनी थोडी कमी केलीत की गायकाच्या मॉनिटरमधूनही ती कमी होते. तो लगेच मागे वळून हातवारे करायला लागतो. इफेक्टसाठी उलट पोस्टच हवा, नाहीतर फेडर खाली ओढल्यावर गायक गेला तरी त्याचा प्रतिध्वनी घुमत राहतो. मॉनिटर वापरणार असाल तर दुकानदाराला नेमकं हेच विचारा: एक तरी ऑक्स प्री होतो का? उत्तर येईना, तर तुम्हीच तपासा. माईक लावा, फेडर पूर्ण खाली ओढा आणि ऑक्सच्या भोकातून आवाज येतो का बघा.

खरं सांगायचं तर सतरंजीवरच्या पन्नास माणसांच्या मैफलीत मॉनिटर नसला तरी चालतं. मुख्य स्पीकर कलाकारांच्या किंचित पुढे, पण कानावर थोडा आवाज येईल असे ठेवले की भागतं.

इको हा आपल्याकडचा नाजूक विषय आहे. आतच इफेक्ट असलेला मिक्सर घ्या, वेगळं यंत्र जोडत बसणं लहान कार्यक्रमाला झेपत नाही. एमजी१०एक्सयूमध्ये २४ इफेक्ट आहेत, त्यातले फार तर दोन तुम्ही वापराल. महत्त्वाचं हे की इफेक्ट एका बटणासरशी बंद करता येतो का. गाणं संपून निवेदिका 'आता सादर होत आहे' म्हणायला उभी राहिली की इफेक्ट बंद झालाच पाहिजे. नाहीतर पाहुण्यांची नावं विहिरीतून आल्यासारखी ऐकू येतात.

फेडर की गोल बटणं, हाही प्रश्न लोक विचारतात. घरी बटणं चालतात. कार्यक्रमात मला फेडर बरे वाटतात, कारण कोण कुठे आहे ते अंधारातही एका नजरेत कळतं आणि दोन चॅनेल एकाच हाताने सरकवता येतात. एमजी१०एक्सयूला बटणं आहेत, एमजी१२एक्सयूला फेडर. दहावरून बारावर जायचं हे माझ्या लेखी दोन जादा माईकइतकंच मोठं कारण आहे.

यूएसबी लिहिलंय, पण कोणतं?

मिक्सरवर 'यूएसबी' लिहिलेलं दिसलं की रेकॉर्डिंग होणार असं आपण धरून चालतो. या एका शब्दाखाली दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एका प्रकारात चपटं सॉकेट असतं, पेन ड्राइव्ह लावून गाणी वाजवायची. काहींत त्याच पेन ड्राइव्हवर थोडंफार रेकॉर्डिंगही होतं, पण संगणकाला त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या प्रकारात चौकोनी, छपाईयंत्राच्या केबलसारखं सॉकेट असतं, नव्या मॉडेलांत टाइप-सी. हा मिक्सर लॅपटॉपला साऊंड कार्ड म्हणून दिसतो. रेकॉर्डिंग, थेट प्रक्षेपण, ऑनलाइन शिकवणी यांसाठी हाच दुसरा प्रकार हवा. भपकेबाज दिव्यांच्या स्वस्त मिक्सरमध्ये बहुधा पहिलाच असतो.

दुसऱ्या प्रकारातही एक मर्यादा आहे. बहुतेक परवडणारे मिक्सर लॅपटॉपला दोनच धारा देतात, डावी आणि उजवी, म्हणजे मिसळून तयार झालेला आवाज. चार माईक चार वेगळ्या ट्रॅकवर येत नाहीत, त्यामुळे नंतर घरी बसून 'तबला जरा कमी करतो' असं करता येत नाही.

यातूनच एक तक्रार जन्म घेते, आणि ती मी वेगवेगळ्या मंडळांकडून ऐकलेली आहे: हॉलमध्ये छान वाटलं, पण रेकॉर्डिंगमध्ये तबलाच नाही! यात मिक्सर बिघडलेला नसतो. लहान खोलीत तबला मुळातच मोठा वाजतो. टाळ तर विचारूच नका. मिक्सरवर बसलेला माणूस कानाने ठरवतो, त्यामुळे तो तबल्याचा फेडर जवळपास खालीच ठेवतो आणि गायकाचा वर. श्रोत्यांच्या कानावर तबला थेट चामड्यावरून येतो, गायक स्पीकरमधून येतो, आणि बेरीज बरोबर जमते. रेकॉर्डिंगला मात्र फक्त मिक्सरमधला हिस्सा मिळतो, त्यात गायक भरपूर आणि तबला नावाला. खोली जितकी लहान, तितका हा घोळ मोठा.

यावर दोन तोडगे. स्वस्तातला असा की मोबाइल किंवा छोटा रेकॉर्डर श्रोत्यांत तिसऱ्या रांगेत उभा करून तोच आवाज घ्यायचा, किंवा तो आणि मिक्सरचा आवाज नंतर एकत्र करायचा. महागातला असा की प्रत्येक माईक वेगळा रेकॉर्ड करणारा मिक्सर घ्यायचा. झूम या कंपनीचा (व्हिडिओ कॉलचं ॲप वेगळं) लाइव्हट्रॅक एल-८ त्या जातीचा आहे. सहा माईक लागतात, एसडी कार्डावर प्रत्येक चॅनेल वेगळा उतरतो, लॅपटॉपची गरजच नाही, आणि पेन्सिल सेलवरही चालतो. मंडळाला आपल्या कार्यक्रमांचं नीट जतन करायचं असेल तर मी त्याचीच शिफारस करीन. केवळ मोठ्याने ऐकवायचं असेल तर मात्र ते पैसे वाया.

वायफायवर टॅबलेटने चालणाऱ्या डिजिटल मिक्सरचं आकर्षण हल्ली वाढलंय. बेहरिंगरचा एक्सआर१२ हा त्यातला लहान. श्रोत्यांत बसून आवाज लावता येतो, जुनी मांडणी साठवून ठेवता येते, हे खरंच सोयीचं आहे. पण शंभर मोबाइल असलेल्या हॉलमध्ये त्याच्या आतल्या वायफायवर विसंबू नका, वेगळा राउटर जोडा. आणि जिथे दरवेळी मिक्सरवर नवा स्वयंसेवक बसतो अशा मंडळाला मी हा देणार नाही. शिट्टी बसली असताना पडद्यावर फेडर शोधत बसायला कोणाला वेळ आहे!

घरी एकट्याने

वर म्हटलं होतं, एकट्याच्या रियाजाला मिक्सर चुकीचा. एक-दोन माईकच लावायचे आणि संगणकावर रेकॉर्ड करायचं, तर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज संगणकात नेणारं छोटं यंत्र घ्या. त्याच पैशात प्रीॲम्प चांगला मिळतो, आणि दोन माईक दोन वेगळ्या ट्रॅकवर येतात.

अपवाद ऑनलाइन शिकवणाऱ्यांचा. पुण्यात बसून दुबई किंवा न्यू जर्सीतल्या मुलांना गाणं शिकवणाऱ्या ताईंना आवाज आणि ॲपवरचा तानपुरा, दोन्ही एकत्र पलीकडे पाठवायचं असतं. त्यासाठी लूपबॅक नावाची सोय लागते: लॅपटॉपवर वाजणारा आवाज माईकच्या आवाजात मिसळून परत लॅपटॉपकडे पाठवायचा. यामाहाच्या एजी०३ आणि एजी०६ या छोट्या मिक्सरमध्ये ती आहे. पहिल्यात माईक एक, दुसऱ्यात दोन. यंत्र कितीही चांगलं घेतलं तरी झूमसारख्या व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये संगीतासाठी मूळ आवाज जाऊ देण्याचं सेटिंग चालू करावं लागतं. ते बंद असेल तर तानपुऱ्याला ॲप पंख्याचा आवाज समजतं आणि पुसून टाकतं. गुरू-शिष्यांनी एकत्र गाणं मात्र कोणत्याच मिक्सरने जमत नाही, मधला उशीर इंटरनेटचा आहे.

मोबाइलची वायर, नको तिथे

खर्चाच्या यादीत वायरी शेवटी येतात आणि कार्यक्रम बंद पाडायला सगळ्यात आधी. त्यातली एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

मोबाइलमधला ट्रॅक मिक्सरला द्यायला काही जण एका टोकाला इअरफोनची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला कॅनन अशी वायर वापरतात आणि ती माईकच्या भोकात खुपसतात. आवाज येतो, पण विचित्र: मधला ठेका, बास गायब, कडेची वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येतात. कारण असं: कॅननमध्ये एकच आवाज दोन तारांवरून येतो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. मिक्सर दोघांची वजाबाकी करतो, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांवर सारखीच घुसलेली घरघर कटते आणि आवाज उरतो. इथे मात्र त्या दोन तारांवर मोबाइलचं डावं आणि उजवं आलेलं असतं. वजाबाकीत दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कटतं, आणि ट्रॅकचा मुख्य ठेका, बास, पुष्कळदा गायकही, मधोमध म्हणजे दोन्हीकडे सारखेच असतात. यंत्र त्याचं काम चोख करतं, आपण त्याला चुकीची गोष्ट वजा करायला दिलेली असते.

योग्य वायर म्हणजे एका टोकाला बारीक स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन पी-३८, हे जाड जॅक स्टिरिओ जोडीच्या डाव्या-उजव्या भोकांत. हॉलमध्ये स्पीकर एकच असेल तर पॅनची, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे वळवणारी, बटणं मधोमध आहेत ना बघा. डाव्या आउटपुटला एकच स्पीकर लावला आणि एखादं वाद्य उजवीकडे वळवलेलं असलं, तर ते कार्यक्रमभर कोणालाच ऐकू येणार नाही.

त्या चुकीच्या वायरीचा दुसरा धोका फँटम पॉवरचा. कंडेन्सर या प्रकारच्या माईकला चालायला वीज लागते. ते ४८ व्होल्ट मिक्सर कॅननमधूनच देतो, आणि लहान मिक्सरवर सगळ्या माईकना मिळून एकच खटका असतो. एका कंडेन्सरसाठी तो दाबला की सगळ्या कॅननमध्ये ४८ व्होल्ट. नीट वायरीने जोडलेल्या साध्या डायनॅमिक (वीज न लागणाऱ्या, एसएम५८ सारख्या) माईकला त्याने काही होत नाही, पण तिथे मोबाइल लटकत असेल तर त्याचं काही खरं नाही. दाबायच्या आधी सगळे फेडर खाली घ्या, नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो.

घरघर हा तिसरा छळ. आपल्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ, म्हणून ती घरघर ५० आणि १०० च्या पट्टीत बसते. मिक्सर एका बोर्डावर आणि ॲम्प्लिफायर हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर लावला की बहुधा सुरू होते. दोन्ही एकाच बोर्डावर आणा. लॅपटॉप जोडल्यावरच येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेली, तर मध्ये डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर, म्हणजे दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे देणारी डबी, घाला. अर्थिंगची पिन मोडून घरघर घालवणारे बहाद्दर सापडतात. आवाज जातो, आणि एखाद्या दिवशी माईक हातात धरलेल्या गायकाला झटका बसू शकतो. त्यांचं ऐकू नका.

पैसे कसे वाटायचे

नामांकित कंपनीचा, चार कॅननचा, आत इफेक्ट असलेला नवा मिक्सर आज साधारण दहा ते पंचवीस हजारांत बसतो, यूएसबी कोणतं आणि फेडर आहेत का यावर वर-खाली. एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग मिक्सरवर गेला तर कुठेतरी चुकतंय असं समजा. दोन बरे माईक, मजबूत स्टँड आणि जाड वायरी यांनी आवाज जितका सुधारतो, तितका मिक्सर बदलून सुधारत नाही. एसएम५८ च्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा तो फार स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका.

जुना मिक्सर घ्यायलाही हरकत नाही, मात्र सोबत स्वतःचा माईक, वायर आणि हेडफोन घेऊन जा. एकेका कॅननमध्ये माईक लावून प्रत्येक चॅनेल ऐका. गेन शेवटपर्यंत फिरवून सरसर किती वाढते ते ऐका, एका चॅनेलची बाकीच्यांपेक्षा जास्त असेल तर तो गेलेला आहे. प्रत्येक फेडर आणि बटण हळू फिरवा. करकर आली तर ती धुळीची असू शकते, साफ करून जाते, पण आवाज मध्येच तुटत असेल तर सोडा. कंडेन्सर माईक असेल तर तो लावून फँटमची खात्री करा.

आणि अडॅप्टर मूळचाच आहे ना ते बघा. बऱ्याच छोट्या मिक्सरचा अडॅप्टर आपल्या नेहमीच्या १२ व्होल्टच्या डीसी अडॅप्टरसारखा नसतो. तो एसी देतो, त्याची पिनही निराळी असते, कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात मिळत नाही. विकणारा 'कुठलाही लावा, चालतो' म्हणाला, तर त्याने आणलेला अडॅप्टर लावून मिक्सर तिथेच अर्धा तास चालू ठेवा आणि मगच पैसे काढा.